मुसके, म्होरकी की लगाम?

विचारणा : सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडात ‘भांडखोर’ ठरवलेल्या बाईच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चढवून तिला गावभर फिरवत. इंग्लंडात त्याला स्कोल्ड्‌स ब्रायडल म्हणत, स्कॉटलंडात ब्रँक्स. अनुवादात ‘मुसके’ चालेल का?

प्रतिसाद : मुसके नको. मळणीच्या बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून थोबाडावर बांधतात ती जाळी म्हणजे मुसके. ते बाहेरून बसते, आत जीभ मोकळीच. म्होरकीचेही, म्हणजे जनावराच्या तोंडा-डोक्याभोवती बांधतात त्या दोरीचेही तेच, वेसण तर नाकातून जाते. तोंडात लोखंड घालतो तो लगाम, आणि त्या लोखंडाला म्हणायचे कडियाळे. ब्रँक्समध्ये नेमके ते आहे : डोक्याभोवती बिजागरीच्या लोखंडी पट्ट्या, नाकासाठी फट, मागे कुलूप, आणि पुढच्या पट्टीतून तोंडात शिरणारी, जीभ दाबून धरणारी पत्री. काही नगांत तिला काटे. ओढून न्यायला साखळी किंवा दोर. गंमत अशी, की स्कॉट भाषेत ब्रँक्स म्हणजे मुळात लाकडी बाजूपट्ट्यांची, घोड्याची एक प्रकारची म्होरकी. नाव म्होरकीचे, काम लगामाचे.

प्रतिसाद : पण घोड्याचा लगाम आणि हे एकाच तोलाचे मानू नये. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत हिरडीची मोकळी जागा असते. कडियाळे जिभेवरून आडवे जाऊन तिथे टेकते. नीट बसले तर ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडतात. त्याहून वर ओढले तर ओठ चिरतात. खाली लोंबले तर नराच्या सुळ्यांवर आपटते आणि घोडा जीभ कडियाळ्याच्या वर काढून घेतो, मग हाताचा इशारा पोचतच नाही. कडियाळ्याची लांबी तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त. गळपट्टीखाली मूठ जावी, नाकपट्टीखाली दोन बोटे. कपाळपट्टी आखूड पडली की कानाच्या मुळाशी काचते आणि घोडा डोके झटकत राहतो. दोष मात्र बिचाऱ्या जनावराच्या स्वभावाला लागतो. मुख्य म्हणजे घोडा लगामाच्या दाबाला नमला की स्वार हात सैल सोडतो, आणि त्या सुटकेतूनच घोडा शिकतो. माणसाच्या तोंडात अशी मोकळी जागाच नसते, आणि कुलूप लावलेल्या पत्रीला सैल सोडणे ठाऊक नसते. बोलायला, गिळायला गेले की जीभ पत्रीवरच घासणार. यात शिकवणे कुठेच नाही.

प्रतिसाद : अगदी खरे. 1567 मध्ये एडिनबरात बेसी टेलिफेअर या बाईला ब्रँक्स घालून तासभर बाजारखांबापाशी उभे करण्याची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर एका नगराधिकाऱ्यावर खोटी मापे वापरल्याचा आरोप केला! 1655 मध्ये कार्लाइल इथे डॉरोथी वॉ या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) स्त्रीने बाजारात उपदेश केला म्हणून तिलाही हे घातले. तिने स्वतः लिहून ठेवले आहे : तोंडावरून तीन पट्ट्या, तोंडात न मावणारा तुकडा, डोक्यावर एक स्टोन, म्हणजे सुमारे 6.35 किलो लोखंड, आणि हात मागे बांधलेले. मराठीत ‘मुसक्या बांधणे’ म्हणजे हात पाठीमागे आवळणे, तेव्हा या प्रसंगात मुसक्या हातांना आणि लगाम तोंडाला, असे दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

मूळ प्रश्नकर्ता : मग ‘कजाग-लगाम’ म्हणू का?

प्रतिसाद : ‘कजाग’ हा आरोप करणाऱ्यांचा शब्द. बेसी मापांबद्दल बोलत होती, डॉरोथी धर्माबद्दल. मी ‘दंडलगाम’ सुचवेन, आणि पत्रीला ‘जीभपत्री’. काटेरी नगासाठी ‘काटेरी कडियाळे’ असा वापर आधीच आहे. आपल्याकडे ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी 1965 च्या नियमांनी असले कडियाळे वापरायला बंदी घातली आहे. तळटीप द्यायची असेल तर ही द्या.

विचारणा : आणि ‘जेरबंद’?

प्रतिसाद : तो वेगळा पट्टा. तंगापासून, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यापासून निघून पुढच्या पायांमधून नाकपट्टीला जातो आणि घोड्याला डोके फार वर उचलू देत नाही. बिबट्या जेरबंद होतो तो या पट्ट्यावरूनच, पण तोंडातल्या लोखंडाशी जेरबंदाचा संबंध नाही. इथे वापरू नका.