सीआरपीएफ जवान चकमकीत गेले, मुलांच्या कॉलेज फीसाठी अर्ज नेमका कुठे करायचा?

तासगावकर विचारतात:
नमस्कार मंडळी. आमच्या भावकीतले एक जण सीआरपीएफमध्ये होते, छत्तीसगडला नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत गेले. थोरल्या मुलीला कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरी) कराडच्या शासकीय अभियांत्रिकीला बी. टेक.साठी जागा मिळाली आहे. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), बारावीला ७१ टक्के. धाकटा दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणार. कोणी सांगतं सांगलीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कोणी म्हणतं सगळी फी केंद्र सरकार भरतं, कोणी म्हणतं डिफेन्स कोटा घ्या. वहिनींच्या हातात फाइल घेऊन नुसते हेलपाटे चाललेत. बरोबर वाट कोणती?

सेतूखिडकी:
दादा, आधी एक गोष्ट. वर्दी कुठली, यावर दार ठरतं. तिन्ही सेनादलं संरक्षण मंत्रालयाकडे, सीआरपीएफ-बीएसएफ गृह मंत्रालयाकडे. ‘सगळी फी’ ही सवलत १९७१ च्या युद्धानंतर सेनादलांसाठी आली. तुम्हाला सांगणाऱ्यांनी ती ऐकलेली असणार, पण ती सीआरपीएफला लागू नाही. सीईटीतल्या डिफेन्स कोट्याचंही तेच. त्यात स्थलसेना, नौदल, हवाईदल धरतात. सीआरपीएफचा कागद जोडून तो रकाना भरला तर छाननीत दावा उडतो.

मुलीच्या फीचा मोठा भार राज्याची योजना उचलते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या एसईबीसी, ईडब्ल्यूएस, ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हे मिळत नाही. अर्ज महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल), आणि तो दरवर्षी करायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढताना कुटुंब निवृत्तिवेतन लपवू नका, पेन्शन खात्यात दिसतंच. विकास शुल्क, जिमखाना, मेस हे माफीत नाही. ते पैसे हाताशी ठेवा. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा अर्ज त्याच पोर्टलवर वेगळा असतो.

कृष्णाकाठ:
वरचं बरोबर. केंद्राची म्हणून जी आहे ती पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. मुलींना महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,०००, मुलांना २,५०० म्हणजे ३०,०००. ती फीची परतफेड नव्हे, ठरलेली रक्कम आहे. पात्रता बारावीला ६० टक्के, त्यामुळे थोरली बसते. धाकट्याला मात्र पॉलिटेक्निकमध्ये असेपर्यंत यातून काही नाही, कारण योजना पदवी अभ्यासक्रमांची आहे. डिप्लोमात ६० टक्क्यांच्या वर राहिला तर इंजिनिअरिंगला गेल्यावर बघता येईल.

सीआरपीएफवाल्यांचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर (एनएसपी) होतो, सैनिक कल्याण कार्यालयात नव्हे. आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, आधारवरून चेहरा जुळवून. मग अर्ज कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे पडताळणीला जातो आणि तिथून दलाकडे. सगळ्यात जास्त अर्ज कॉलेजच्या टेबलावरच मरतात. मुदत संपते आणि पडताळणी झालेलीच नसते. अर्ज भरला की त्याच आठवड्यात प्रिंट घेऊन शिष्यवृत्ती विभागात जा, बोनाफाइड जोडा आणि पोर्टलवरची स्थिती पुढे सरकली का ते स्वतः बघा. ‘करतो’ या शब्दावर घरी येऊ नका.

वडिलांच्या बाजूचे कागद: मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आणि ऑपरेशनल कॅज्युअल्टी सर्टिफिकेट (कारवाईत मृत्यू झाल्याचं प्रमाणपत्र). सरकारी कागदावर ‘शहीद’ असा प्रवर्ग नसतो, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या तशा दाखल्याचा उपयोग शून्य. प्रमाणपत्र हातात नसेल तर ज्या ग्रुप सेंटरकडे सेवेचे कागद आहेत तिकडे वहिनींच्या सहीने अर्ज पाठवा, रजिस्टर पोस्टाने.

सेतूखिडकी:
नावाचंही बघून घ्या. सेवापुस्तकात ‘सुनिता’ आणि दहावीच्या मार्कलिस्टवर ‘सुनीता’, एवढ्यावर अर्ज परत येतो. चूक सेवापुस्तकात असेल तर जन्मदाखला जोडून युनिटकडून दुरुस्ती. मार्कलिस्टमध्ये असेल तर शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून धाकट्याचं आत्ताच तपासा.

आणि खातं. आईसोबतचं जॉइंट नको, मुलीचं स्वतःचं पाहिजे. ‘आधार लिंक आहे’ असं बँक म्हणते तेव्हा ते बहुतेकदा केवायसीपुरतं असतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जुळवणारी संस्था) ज्या खात्याचं आधारशी सीडिंग, म्हणजे जोडणी आहे तिथेच जातात. सहावीत उघडलेल्या जुन्या खात्याला ते राहिलेलं असलं की रक्कम तिकडे जाते, आणि खातं बंद पडलेलं असलं तर परत फिरते.

जावळीचा:
पोलिसांना हेच लागू आहे का? आणि अग्निशमन दलातले?

कृष्णाकाठ:
राज्य पोलीस २०१९ मध्ये आले, वर्षाला ५०० जागा. पण अट कडक आहे. मृत्यू दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यातच झालेला हवा. बंदोबस्तावर अपघात झाला, ड्युटीवर हृदयविकाराचा झटका आला, तर यात बसत नाही. तिथे एसपी ऑफिसच्या कल्याण शाखेत पोलीस कल्याण निधीचा अर्ज करायचा. अग्निशमन दल या योजनेत नाही. आगीत उडी घेणाऱ्याच्या मुलांना केंद्राचं हे दार बंद का, हे मला पटत नाही, पण आज नियम तसा आहे. त्यांनी महाडीबीटीच्या योजना धराव्यात.

माणदेशी:
सैन्यातल्या घरांनी हा धागा वाचून गोंधळू नये, म्हणून थोडक्यात. चकमकीत गेलेल्या सैनिकाच्या मुलांना शिक्षण शुल्क आणि वसतिगृह खर्चाची परतफेड मिळते. २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० ची मर्यादा आली होती, मार्च २०१८ मध्ये ती उठली. संस्था मान्यताप्राप्त हवी, पावत्या मूळ हव्यात, आणि पत्रव्यवहार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी करायचा. पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या घरच्यांची नोंद करणारा सैन्याचा आदेश) मुलाचं नाव चढलेलं नसेल तर पुढे काहीच हलत नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती त्यांनी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर भरायची, पडताळणी सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. कॉलेजच्या प्रमाणपत्रावर प्राचार्य किंवा रजिस्ट्रारची सही घ्या, विभागप्रमुखाची चालत नाही.

तासगावकर:
आभार सगळ्यांचे. पंतप्रधान शिष्यवृत्ती पहिल्या वर्षी मिळाली की पुढे आपोआप चालू राहते का?

कृष्णाकाठ:
नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि त्या वर्षी किमान ५० टक्के लागतात. पहिल्या सेमिस्टरला गणितात एटीकेटी लागली की तिथेच अडकते, मुलीला हे आधीच सांगून ठेवा.