जावा २५० मोटरसायकलचं मॉडेल हाताने बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

ऐरोलीचा_निशाचर

नमस्कार मंडळी. मैसूरला बनलेली जावा २५०, साठच्या दशकातली, मरून रंगाची, टाकीच्या बाजू क्रोमच्या. ती मला टेबलावर मावेल एवढी बनवायची आहे. किट नको, थ्रीडी प्रिंटरही नको. पत्रा, तार, पितळ, प्लास्टिक, लाकूड, काय लागेल ते घेऊन हातानेच.

पूर्वतयारी म्हणाल तर तामिया कंपनीची १:१२ ची, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याची, किटं व्यवस्थित जमतात. त्याआधी पुठ्ठ्याची रेल्वे इंजिनं करायचो. पण किटात सगळे भाग कापून हातात येतात, इथे कोरा कागद आहे. आंतरजालावर शोधलं तर जो तो लाखाचा मिनी लेथ आणि मिलिंग मशिन घेऊन बसलाय. माझ्याकडे हँड ड्रिल, पिन वाइस (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल), सोल्डरिंग गन, कानशी आणि व्हर्निअर आहे. घर ऐरोलीत वन बीएचके, घरात लहान मूल, त्यामुळे उग्र वासाची कामं गॅलरीतच करावी लागतील.

मुख्य अडचण स्केलची. १:६ भारी दिसेल पण ठेवू कुठे? १:१२ ला जागा कमी लागते, पण स्पोक कसे करायचे? शिवाय इंजिनाचे फिन (गार राहण्यासाठीच्या पात्या) आणि क्रोम. सामान ठाण्यात मिळालं तर उत्तम, नाहीतर शनिवारी मशीदबंदरला नागदेवीला जाऊन येईन. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उपवनकाठी

वाचनखूण साठवली आहे. कानसवाले काका कुठे आहेत? हा त्यांचा धागा आहे.

रेझिन_नेरूळ

प्रिंट नको म्हणालात, तरी सांगतो. निदान टाकी आणि हेडलाइटचं कवच तरी प्रिंट करा. जावाची टाकी कुठूनही सरळ नाही, हाताने दोन्ही बाजू सारख्या येणं कर्मकठीण. रेझिन प्रिंटरवर रात्री लावा, सकाळी टाकी तयार.

स्केलबद्दल, १:९ चा विचार करा. इटलीच्या प्रोटारची जुनी किटं १:९ ची असायची, शेजारी ठेवली तर जोडी जमते. ती कंपनी काढणारा तार्क्विनिओ प्रोव्हिनी स्वतः जगज्जेता रेसर. १९६६ ला आइल ऑफ मॅनला जबर अपघात झाला, शर्यती सुटल्या, आणि हा पठ्ठ्या मॉडेलांकडे वळला. सांगायचा मुद्दा, १:९ हे माप ज्याला गाडी आतून ठाऊक होती अशा माणसाचं आहे.

कानसवाला

उपवनकाठी, हाक ऐकली.

निशाचर, अरे-तुरे करतोय, चालवून घे. वागळे इस्टेटात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, तिथे अहो-जाहोची पद्धत नव्हती.

लोक कपाट बघून स्केल ठरवतात. तू तार बघून ठरव. मोटरसायकलच्या मॉडेलात नजर पहिली जाते चाकावर. स्पोक जाड झाले की बाकी कितीही जीव ओत, ते खेळणंच दिसतं. खरा स्पोक साधारण १० गेजचा, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. १:१२ ला तो ०.२७ होतो, ओढून बसवताना हातातच वाकतो. १:८ ला होतो ०.४. आणि ०.४ ची सरळ, ताठ, गुळगुळीत तार आयती मिळते: अकूस्टिक गिटारची दुसरी तार. लाइट सेटमध्ये ती ०.०१६ इंचाची असते, म्हणजे ०.४०६ मिलिमीटर. तेवढीच तार सुटी माग, अख्खा सेट घेऊ नकोस. दोन चाकांना दोन तारा पुरून उरतील.

आता रिम. जावाला ३.२५-१६ टायर. सोळा इंच भागिले आठ, दोन इंच. दोन इंच आतला व्यास असलेली धातूची गोल कडी कुठे मिळते? बांगडीच्या दुकानात. बांगडीचं माप म्हणजे आतला व्यास, इंच आणि सोळांश. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. तुला नुसती 'दोन' हवी. जांभळी नाक्याच्या बाजारात जा, पितळेची साधी, सपाट, नक्षी नसलेली जोडी माग. स्टीलची घेऊ नकोस, ०.५ चे ड्रिल पटापट मोडतील. ते माप लहान मुलींचं, त्यामुळे दुकानदार मुलीचं वय विचारेल. जन्म १९६१ चा, मैसूरचा, म्हणून सांग.

एक बारीक गोष्ट. सोळा इंच हे माप टायरची कड जिथे बसते तिथलं. स्पोक जिथे शिरतात तो रिमचा भाग त्याच्याही आत उतरलेला असतो. म्हणून बांगडीच्या आतून पितळी पत्र्याची अरुंद पट्टी गोल वळवून सोल्डर कर. तिथेच निम्मं रिम दिसायला लागतं.

भोकं ३६. रिमवर दर १० अंशाला एक. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) प्रत्येक बाजूला १८, दर २० अंशाला, आणि दुसरी बाजू पहिलीपेक्षा १० अंश सरकवलेली. ही सरक विसरलास तर स्पोक रिमच्या भोकांशी जुळणारच नाहीत. प्लायवर कोनमापकाने वर्तुळ आखून घे, रिम खिळ्यांमध्ये घट्ट बसव, मधोमध हबला उंचीचा ठोकळा दे. एका बाजूचे अठरा पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात घाल. कुठला स्पोक कितींना ओलांडून जातो ते पुस्तकात बघू नकोस, खऱ्या चाकाचा फोटो काढ. रिमजवळचे निपल (स्पोक आवळायच्या बारीक नळ्या) हवेत ना? २१ नंबरची इंजेक्शनची कोरी सुई आण. बाहेरून ०.८, आतून ०.५. कानशीच्या धारेने दीड-दीड मिलिमीटरचे तुकडे पाड आणि स्पोकवर ओव. तुकडे उडतात, चष्मा लाव, आणि पोरगं झोपल्यावरच कर.

हब मात्र लेथवरच काढून घे, अ‍ॅल्युमिनियमचा. वागळेत छोटे जॉबवाले अजून आहेत. हाताने काढलेलं स्केच घेऊन गेलास तर नाक मुरडतील, मापं घातलेलं नीट ड्रॉइंग दिलंस तर दुपारच्या चहाला काढून देतील.

टायरला १० मिलिमीटरची भरीव रबर कॉर्ड घे, मीटरवर मिळते. साधारण १९२ मिलिमीटर कापून, टोकं अगदी काटकोनात तासून फेव्हिक्विकने जोड. जोड खालच्या बाजूला, स्टँडच्या आड.

बाकी गाडीचा विचारही चाक होईपर्यंत करू नकोस. चाक जमलं तर गाडी होते. नाही जमलं तर एका बांगडीजोडीचं नुकसान, बस्स.

रेझिनवाले, १:९ ला बांगडी नाही. विषय संपला. (हलके घ्या.) टाकी तुम्ही खुशाल प्रिंट करा. मी शिवणीच्या लाकडात कोरतो. सागात रेषा राहतात, रंगाखालूनही डोकावतात. शिवण मऊ, पण कड धरते. वरून, बाजूने आणि समोरून असे पुठ्ठ्याचे उलटे साचे कापायचे आणि ठोकळ्यावर टेकवून उजेडात धरायचे. जिथून उजेड गळत नाही तिथे घासायचं. दोन्ही बाजूंना तोच साचा उलटा करून लावला की सारखेपणा आपोआप येतो.

ऐरोलीचा_निशाचर

काका, बांगडीचं वाचून आधी हसलो. मग संध्याकाळी ठाण्याला उतरलो आणि दुकानातच व्हर्निअर लावलं. ५०.९! दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. जोडी घेतली.

आता पुढचे प्रश्न. खऱ्या गाडीची मापं कशी घेऊ? ब्लूप्रिंट म्हणून जे चित्र मिळालं त्यात पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या आकाराचं आहे. फिन कशाचे करू? सायलेन्सरचे पाइप? आणि रंग केव्हा द्यायचा, सध्या गॅलरीत पापड ठेवला तर त्याचं धिरडं होतंय.

कानसवाला

चित्रं फेकून दे. अख्खी गाडी मिळव, मेन स्टँडवर सरळ उभी कर, आणि लांब जाऊन झूमने बाजूचा फोटो काढ. जितका लांब जाशील तितका चांगला. मोबाइल जवळ धरलास तर पुढचं चाक फुगतं, मागचं बारीक होतं. तुझ्या ब्लूप्रिंटवाल्यानेही बहुधा तेच केलंय. कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर हवा. मग झेरॉक्सवाल्याकडे बसून फोटो असा छापून घे की टायरचा बाहेरचा व्यास ७१ मिलिमीटर भरेल. झालं तुझं ड्रॉइंग. फोटोवर न दिसणाऱ्या जाड्या तेवढ्या व्हर्निअरने मोजून आण.

फिन. जुनी एटीएम कार्डं जमव. ०.७६ जाडीचं, एकसारखं, छान कापलं जाणारं प्लास्टिक फुकट. त्याच्या लहान चकत्या म्हणजे फिनमधली फट. फिनसाठी ०.३ च्या आसपासची पातळ शीट, मोठ्या चकत्या. एक मोठी, एक लहान, अशी सळईवर ओवत जायची. सगळ्या चकत्यांना मधलं भोक आधी पाडायचं, बाहेरचा आकार नंतर. रचून झाल्यावर बोल्टने आवळून एकदम कानस फिरवली की कडा एका रेषेत येतात. टू-स्ट्रोक इंजिन, वर टॅपेट नाहीत, पुशरॉड नाहीत (झडपा हलवणारे भाग), त्यामुळे हेड सोपं आहे. बुलेट घेतली असतीस तर रडला असतास. चेनही करायची नाही तुला, ती पूर्ण झाकलेल्या केसमध्ये असते. केस फक्त दोन अर्धुकांची नीट कर.

सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, हे मात्र जावाचं खरं रूप आहे. इंजिनापासून निघणाऱ्या पाइपांना फ्रिज दुरुस्तीवाल्याकडची ३/१६ इंची तांब्याची नळी, ४.७६ मिलिमीटर. लाल तापवून गार केली की मेणासारखी वळते. आत बारीक मीठ ठासून भर, दोन्ही टोकं बंद कर, मग वाकव, म्हणजे कोपऱ्यात चेपणार नाही. नंतर पाण्यात टाकलं की मीठ विरघळून जातं. दोन्ही पाइप एकाच लाकडी साच्यावर वळव, नाहीतर डावा-उजवा जुळणार नाहीत.

पुढच्या फोर्कला जुन्या ट्रान्झिस्टरची अँटेना. एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या, वर क्रोम, कारखान्याने तुझ्यासाठीच करून ठेवल्यासारख्या.

क्रोमचं माझं मत सगळ्यांना पटत नाही. प्लेटिंगवाल्याकडे पितळी भाग दिलेस तर सांग, निकेलवर थांबव. क्रोम एवढ्या लहान आकाराला आरशासारखं चकाकतं आणि बारकावे दिसेनासे होतात. निकेलची किंचित पिवळसर झाक जुन्या गाडीला शोभते. प्रत्येक भागाला टांगायला तार सोल्डर करून दे, सुटे दिलेस तर हौदात हरवतात. टाकीच्या बाजूंना मात्र एसीच्या डक्टवाल्यांची अ‍ॅल्युमिनियम टेप. रंग आणि लॅकर पूर्ण सुकल्यावर बोथट काडीने घासून चिकटव.

रंग दसऱ्यानंतर. ऑक्टोबर हीट आपल्याला शिव्या घालायला असली तरी लॅकरला मानवते. आत्ता या दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलास तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथेच धरते, आणि मरून रंगावर दुधट झाक येते. रिटार्डर म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरने थोडं निभावतं, पण घाई कसली आहे? तोवर चाकं कर. आणि कोणी टू-के क्लिअर (हार्डनर मिसळायचं पारदर्शक लॅकर) सुचवेल, त्यातलं हार्डनर फुफ्फुसाला वाईट, लहान मूल असलेल्या घरात गॅलरीतही नको. कार टच-अपचा मरून, वर साधं लॅकर, बास. सोनेरी रेघ ब्रशने ओढू नकोस. ड्रॉइंगच्या जुन्या पेटीतलं रुलिंग पेन (दोन पात्यांमध्ये शाई धरणारं) शोध, त्यात पातळ केलेला इनॅमल भर. आधी काचेवर रेघा ओढून हात बसव.

दोन_सायलेन्सर

निशाचरसाहेब, नौपाड्यात राहतो, '६८ ची जावा आहे, चालू आहे. रविवारी सकाळी या आणि हवी तेवढी मोजा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. एकाच गाडीवर विसंबू मात्र नका. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो, त्या दिवशी मालक गाड्या घेऊन जमतात. पुढच्या वर्षी गाठा, एकीवर नसलेलं दुसरीवर सापडतं.

काही गोष्टी आत्ताच सांगतो. माझ्या गाडीचं सीट आणि मागचा दिवा मूळचा नाही, त्यांची मापं घेऊ नका. हेडलाइटचं कवच मूळ आहे. स्पीडोमीटर त्याच कवचात बसवलेला असतो, किटवाल्यांच्या सवयीने वेगळा डबा काढून वर चिकटवू नका. आणि किक चिकटवून टाकू नका, विनंती आहे. डावीकडचा गिअरचा दांडाच उभा करून किक मारायची ही या गाडीची ओळख. बघायला आलेला जावावाला पहिलं बोट तिथेच घालणार, आणि दांडा हलला नाही तर मनातल्या मनात मार्क कापणार.

कानसवाला

दांडा हलता करणं सोपं आहे. अँटेनाच्या सर्वांत बारीक दोन नळ्या घे, बाहेरची इंजिनात पक्की, आतली दांड्याला सोल्डर. मागून एक वॉशर. तेलाचा थेंब नको, रंग खातो.

ऐरोलीचा_निशाचर

रविवारी नक्की येतो. व्हर्निअर, टेप आणि झूमवाला कॅमेरा आणतो. आणखी काही?

दोन_सायलेन्सर

व्हर्निअरच्या जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळून आणा. टाकीचं क्रोम मागच्याच वर्षी करून घेतलंय, लोखंड टेकवाल तर चहा मिळणार नाही. आणि साडेनऊच्या आत या. नंतर समोर टेम्पो उभा राहतो, मग लांबून फोटो काढायला जागा उरत नाही.