थर्मोस्टॅट काढल्याने चढावर गाडी थंड राहत नाही

उन्हाळ्यात 82 अंशांचा थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून 71 चा टाका, घाटातल्या ट्रकला तर तो ठेवूच नका, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. 82 ला व्हॉल्व्ह उघडायला लागतो, पूर्ण उघडतो साधारण 95 ला. कसाऱ्याच्या चढावर भरलेल्या गाडीचा काटा वर जातो तेव्हा व्हॉल्व्ह आधीच सताड उघडा असतो, मग 71 चा टाकून काय फरक पडणार? तिथे रेडिएटरची जाळी, फॅनचा बेल्ट, वॉटर पंप तपासा.

बायपासबद्दल, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेबद्दल, मात्र कोणीच बोललं नाही. पुष्कळ डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला आणखी एक छोटी चकती असते. वरचं तोंड उघडलं की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. थंडीच्या रात्री सपाटीवर इंजिन गार राहतं ते वेगळंच. डिझेल पुरतं जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं, लायनर (सिलिंडरच्या आतलं अस्तर) झिजतात. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीला टांगून थर्मामीटर लावून पाणी तापवा. ठरल्या अंशाला चकती हलली नाही तर नवा घ्या, पण कंपनीने दिलेल्याच अंशांचा.