अंदमानकडच्या बेटांवरचे पक्षी-सरडे अभ्यासायचेत, सुरुवात कुठून करू?

पैठणचा_पोरगा: मी संभाजीनगरला बीएस्सी झूलॉजी करायलोय, सेकंड इयर. लहानपणापासून नाथसागराच्या काठाला पक्षी बघत आलोय, आता डोक्यात एकच बसलंय की लांबच्या बेटांवरचे पक्षी आणि सरपटणारे प्राणी अभ्यासायचे, नारकोंडमचा धनेश (हॉर्नबिल पक्षी) तर जगात त्या एकाच बेटावर आहे म्हणे. घरचे म्हणायलेत, समुद्र कधी बघितला नाहीस अन् बेटावर कुठं निघालास. शिकायचं कुठं, आत्ता काय करावं?

गोदाकाठ: बरोबर ऐकलंस भावा. नारकोंडम जेमतेम 7 चौरस किलोमीटर, एखाद्या गावाच्या शिवाराएवढं, अन् त्या जातीचे सगळे धनेश तेवढ्यातच. मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते, नर बाहेरून फळं भरवतो, म्हणजे जुनी मोठी झाडं पाहिजेतच. तिथल्या पोलीस चौकीसाठी नेलेल्या शेळ्या मोकाट वाढल्या अन् नवी रोपं खायला लागल्या, शेवटी त्या हटवाव्या लागल्या. शेंडा खाल्लेलं रोप वर येत नाही, हे शेळ्या राखलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. शिकायला डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेमधे पण वन्यजीवांची एमएस्सी आहे. बेटावर मात्र परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही.

सापसुरळी: पक्षी आणि सरपटणारे वेगळे धरू नकोस रे. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी झाडसाप आला, पक्ष्यांना असल्या सापाची सवयच नव्हती, जंगलातले बहुतेक मूळ पक्षी संपले. लोकांना आधी वाटलं रोग असेल, नाहीतर औषध फवारणी, मग 1987 मधे जूली सॅव्हिज यांनी अभ्यासातून दाखवलं की कारण साप आहे. ते वाचून मला दोन दिवस करमलं नव्हतं.

जुना_मास्तर: बाळा, समुद्र बघितला नाही म्हणून अडत नाही, दुष्काळ बघितलाय ना? प्रशांत महासागरातल्या गॅलापागोसच्या डाफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं 1973 पासून चाळीस वर्षं जात राहिले, फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालायची, चोच मोजायची, कोण जगलं कोण मेलं लिहायचं. 1977 ला पाऊस पडला नाही, बारीक बी संपलं, मोठं टणक बी फोडू शकणारे मोठ्या चोचीचे जास्त जगले अन् पुढची पिल्लंही मोठ्या चोचीची निघाली. आधीची मापं वहीत होती म्हणून हे कळलं. तू आत्ताच वही कर. नाथसागरात पाणी उतरलं की बेटं उघडी पडतात, एकच बेट धर, दर रविवारी काठावरून दुर्बिणीनं मोज, पाण्याची पातळी लिही. बेटावर उतरू नको, उघड्यावर अंडी घालणारे सुरय पक्षी उठले की अंडी उन्हात भाजतात.

पैठणचा_पोरगा: सर, या रविवारपासूनच करतो. काठावरचे सरडे पण लिहू का?

सापसुरळी: लिही की! वेळ, ऊन का सावली, दगडावर होता का मातीत, आणि दिसला नाही तर तेही लिही.