गॅदरिंगला बंगाली नाच कर, असा पोरीला आग्रह धरावा का?

मुलचेऱ्याची मावशी
आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याचे बंगाली. माझी भाची नववीत आहे, मराठी शाळेत. बाईंनी तिला गॅदरिंगमध्ये बंगाली नाच बसवायला सांगितला, तिनं साफ नाही म्हटलं. आमच्या घरी मतुआ पंथाच्या कीर्तनाचा डंका, म्हणजे मोठा ढोल, सुरू झाला की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. मैत्रिणी असल्या तर आजीला उलूध्वनीही (बायका शुभप्रसंगी जीभ हलवून काढतात तो आवाज) करू देत नाही. पौष संक्रांतीला मात्र पाटीसापट्याचा, म्हणजे गोड सारण भरलेल्या गुंडाळीच्या धिरड्यांचा, डबा भरून वर्गात वाटते, अन् कोणी नावं ठेवली तर भांडते! माझं मत स्पष्ट आहे, तिला स्टेजवर ढकलू नये.

झाडीपट्टीतला
मला नाही पटत, ताई. आमच्या गावात दंडारीत, म्हणजे झाडीपट्टीच्या लोकनाट्यात, नाचायला पोट्टे लाजू लागले, मोठे गप्प राहिले, दंडार बंद पडली. आमच्या धानाच्या बांध्या तुमच्या बांध्यांना लागून आहेत, तरी तुमच्या घरातलं आमच्या पोरांना काहीच माहीत नाही. तिनं नाही दाखवलं तर दाखवणार कोण?

मुलचेऱ्याची मावशी
दादा, तिला वर्गात 'बांगलादेशी' म्हणून चिडवतात. माझे वडील 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आले. सरकारनंच त्यांना इथं वसवलं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो 1982 चा. बांगलादेशही नव्हता, तो 1971 चा. हे वर्गात कोणी सांगत नाही, अन् नाच करायला मात्र तिलाच उभं करायचं?

निवृत्त गुरुजी
मुळात नाच कोणता? लाल काठाची साडी अन् कोलकात्याचं गाणं, हेच ना? त्यात या पोरीचं काय आहे? मुलचेरा-चामोर्शीकडची बरीच बंगाली कुटुंबं नमशूद्र, म्हणजे बंगालमधल्या दलित समाजातली, आहेत. मतुआ पंथ सुरू करणारे त्यांचे हरिचांद ठाकूर 1812 साली पूर्व बंगालात फरीदपूरकडे जन्मले. त्यांचे पुत्र गुरुचांद यांनी अस्पृश्य ठरवलेल्या लोकांसाठी तिथल्याच ओराकांदी गावात शाळा काढली. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात हे पहिलीपासूनच्या पोरांना सांगता येतं. ते शिक्षकांचं काम आहे, पंधरा वर्षांच्या पोरीचं नव्हे.

झाडीपट्टीतला
गुरुजी, चिडवणाऱ्यांना वर्गात समज दिलीच पाहिजे, हे मान्य. पण नुसत्या धड्यानं ओळख होत नाही, कानावर पडावं लागते. कोलकात्याचं गाणं राहू द्या. तिच्या बापाला डंका घेऊन शाळेत बोलवा, आमची पोरं बसतील मागं टाळ घेऊन.

मुलचेऱ्याची मावशी
बोलवा, पण आधी तिला विचारून. वर्गात रोज तिलाच बसायचं आहे.