पोकलेनचा टेम्परेचर काटा एकदम लालमध्ये उडी मारतो, सेन्सर बदलला तरी तेच

राऊवाली_मशीन
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमची २० टनी पोकलेन सुपर कॉरिडॉरच्या बाजूला बेसमेंटच्या खोदाईवर लागलीय, कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्ट सिस्टिम. वरची काळी माती होती तोवर काही त्रास नव्हता, आता खाली मुरूम संपून काळा दगड लागला आणि तेव्हापासून हे सुरू झालंय. चांगली चालता चालता कूलंटचा काटा एकदम लालमध्ये जातो, बझर वाजतो, इंजिन आपोआप पॉवर कमी करतं आणि थोड्या वेळाने ऑपरेटरने काही न करता काटा परत जागेवर. थंड झाल्यावर रेडिएटर बघितला, कूलंट पूर्ण भरलेला, उकळल्याची काही खूण नाही. मॉनिटरवर कोड येतो एसपीएन ११० एफएमआय ४.

सर्व्हिसवाल्यांनी सेन्सर बदलून दिला, काही दिवस बरं चाललं, परत तेच. आता म्हणतायत ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला, आणि त्याचा आकडा ऐकून बाबांना रात्रभर झोप नाही. ऑपरेटर म्हणतो सेन्सरचा प्लगच काढून टाकू आणि चालवू. खरंच ईसीएम गेला असेल का? नीट समजून घ्यायचंय, पैसे टाकायच्या आधी.

खडी_क्रशर_नाशिक
ताई थर्मोस्टॅट (कूलंट तापला की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे काढतात, गरम व्हायचा प्रश्नच मिटतो.

वायरिंगवाला_सांगली
ताई, ईसीएम घेऊ नका, थांबा जरा. तुम्ही लिहिलंय ना काटा उडी मारतो, त्यातच अर्धं उत्तर आहे. इंजिनात कितीतरी लिटर कूलंट फिरत असतो, तो एका सेकंदात ८५ वरून ११० डिग्रीला जाऊच शकत नाही. इंजिन खरं तापतं तेव्हा काटा हळूहळू चढतो आणि लोड काढला की हळूहळूच उतरतो. उडी मारली म्हणजे करंटचा मामला.

आता कोड बघू. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान, हे सगळ्या कंपन्यांत सारखंच, पुढचा एफएमआय काय झालंय ते सांगतो. सेन्सर आतून थर्मिस्टर असतो, तापला की रेझिस्टन्स कमी होतो. बॉश टाइपच्या बऱ्याच सेन्सरला २० डिग्रीला साधारण अडीच किलोओहम, ८० ला सव्वातीनशे ओहमच्या आसपास आणि १०० ला दोनशेच्या आत, पण प्रत्येक मशीनचा तक्ता वेगळा असू शकतो, तुमच्या मॅन्युअलमधला धरा. ईसीएम या लाइनवर ५ व्होल्ट पाठवतो. प्लग सुटला किंवा वायर तुटली तर त्याला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे त्याच्या हिशोबाने इंजिन बर्फासारखं थंड, तेव्हा एफएमआय ३ येतो. सिग्नलची वायर बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्याकडे जातं, त्याला वाटतं इंजिन पेटलं, तेव्हा एफएमआय ४. तुमचा ४ आहे आणि सेन्सर नवा आहे, म्हणजे माझा पहिला संशय हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, कुठेतरी घासून वायर उघडी पडलीय. दगड लागल्यावर सुरू झालं हेही त्याच्याशी जुळतंय, धक्के बसले की इंजिन माउंटवर हलतं आणि वायर टेकते.

बघायचं असं. इंजिन बंद, थंड होऊ द्या, इग्निशन ऑन, सेन्सरचा प्लग काढून प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावा, ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. आता एकाने मीटरवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने प्लगपासून ईसीएमपर्यंत हार्नेस वीतभर वीतभर हलवत, दाबत जायचं. जिथे व्होल्ट पडले तिथेच चोर. जास्त पक्कं करायचं असेल तर बॅटरी कट-ऑफ बंद करून ईसीएमचा प्लगही काढा आणि सिग्नल वायर ते चेसिस ओहम मोजा, मीटरने ओएल दाखवायला हवं, म्हणजे कुठेही टेकलेलं नाही. हलवताना आकडा आला तर ईसीएम निर्दोष, कारण तेव्हा तो लाइनवर नाहीच. टेस्ट लॅम्प मात्र या वायरना कधीच लावू नका आणि २४ व्होल्ट चुकून जाऊ देऊ नका, मग खरंच ईसीएम घ्यावा लागेल.

देवास_नाका_फिटर
वरच्या भाऊंचं वायरिंगचं अगदी बरोबर. थर्मोस्टॅटबद्दल मला कळकळीने सांगायचंय, काढू नका हो. बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढला की कूलंट रेडिएटरला न जाता तिथल्या तिथेच फिरतो आणि मशीन उलट जास्त तापते. सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जळतं, लायनर झिजतात ते वेगळंच.

आणि प्लग काढून चालवणं तर मुळीच नको. बऱ्याच मशिनी तसं केलं की फॅन फुल करतात आणि पॉवर कमीच ठेवतात, म्हणजे फायदा शून्य. काही जण प्लगमध्ये रेझिस्टर घालून ईसीएमला फसवतात, ते तर सर्वांत वाईट. मग होज फुटला, कूलंट गेला तरी मॉनिटर ८५ दाखवत राहील आणि हेड वाकल्यावरच कळेल.

एक सोपी तपासणी अजून, रात्रभर उभी मशीन सकाळी सुरू करायच्या आधी मॉनिटरवर कूलंट, हायड्रॉलिक ऑइल आणि इनटेक हवा तिन्ही तापमानं बघा. जवळजवळ सारखी हवीत. एकच फार वेगळं दिसलं तर तो सेन्सर किंवा त्याची लाइन खोटं बोलतेय.

एफएमआय ४ च्या जागी ० किंवा १६ आला असता तर मी वेगळं सांगितलं असतं, तेव्हा सेन्सर खरं बोलतोय असंच धरायचं. आपल्या माळव्यात गहू निघाला की भुसा उडून रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या मध्ये गादी बसते, बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. हवा फॅनच्या उलट दिशेने मारायची, कमी प्रेशरने, नाहीतर फिन वाकतात.

राऊवाली_मशीन
सापडलं!! सांगलीच्या दादांनी सांगितलं तसंच केलं. मी मीटर धरला, ऑपरेटर हार्नेस हलवत गेला, ४.९ दाखवत होतं आणि अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपाशी हात लावला की धाडकन शून्याजवळ. तिथल्या क्लिपचं रबर निघून गेलंय, नुसता पत्रा राहिलाय आणि त्याने वायरींवरचा पाइप कापून आतली वायर सोललीय. ईसीएमचा प्लग काढूनही मोजलं, तिथेच आकडा येतो. बाबांना फोन करून सांगितलं, ते साइटवर यायला निघालेत. आता नुसती टेप गुंडाळून चालेल का?

वायरिंगवाला_सांगली
फार छान केलंत ताई. नुसती टेप नको, इंजिनची उष्णता आणि ऑइलने ती सुटते. सोललेला तुकडा कापून नीट क्रिम्प करा, वरून गोंदवाली हीट श्रिंक, मग नवा पाइप आणि रबरवाली नवी क्लिप, हार्नेस ब्रॅकेटपासून जरा लांबून न्या. त्याच पाइपातल्या बाकीच्या वायरी एकेक करून बघा, ऑइल प्रेशर सेन्सरची बहुतेक तिथूनच जात असेल, उद्या ती टेकली तर हाच खेळ नव्या कोडने सुरू. झाल्यावर जुना कोड टूलने पुसून घ्या, म्हणजे परत आला तर तो नवा आहे हे कळेल.