फ्रान्समधल्या ग्रास गावी परफ्युम वर्कशॉप, करावं का?

खडूस_काका: मेमध्ये फ्रान्सला, नीस शहरात चाललोय, बायकोला तिथून जवळच्या ग्रास या अत्तरांच्या गावी जाऊन स्वतःचं परफ्युम बनवायचंय. अर्धा दिवस घालवावा का? मला अत्तर म्हणजे लग्नात मनगटाला लावतात तेवढंच माहितीये.

उदबत्ती: जाच हो! आम्ही तिथल्या गालिमार या परफ्युम कंपनीत केलेलं, दोनेक तास, समोर बाटल्यांची उतरंड, आधी बेस (सगळ्यात जास्त टिकणारे वास) मग हार्ट (मधले) शेवटी टॉप (लावल्या लावल्या येणारे) असं मापून ओतत जायचं. मी हावरटासारखी गुलाब नि जाई दोन्ही ओतत सुटले, वास थेट देवघराचा आला, नवरा अजून हसतो 😄

पुणेरी_नाक: त्या दिवशी अंगाला काही फवारून जाऊ नका, नाक गंडतं. आणि घरी आणल्यावर लगेच लावू नका, दोन-तीन आठवडे मुरू द्या, लोणच्यासारखं. बाटली 100 मिलीची असली तर विमानात हँडबॅगेत चालते, पण झाकण घट्ट बघा, माझा अख्खा स्वेटर घमघमला होता.